संगणकातील वळकटी

पूर्वी दूरच्या प्रवासाला निघालेल्या माणसाजवळ एक वळकटी हमखास असे. गादी, सतरंजी, उशी, पांघरूण या साऱ्या वस्तू एकीत एक घालून घट्ट गुंडाळावयाच्या, वरून दोर आवळावयाचा आणि ते ओझे खांद्यावर टाकून चालू लागावयाचे. पसरली असता अर्धी ओसरी व्यापणारी गादी वळकटीत गेली की हातभर जागेत मावे. वाटेत तिच्यातील एकही वस्तू गळून पडत नसे, आणि मुक्कामी दोर सोडताच सारे अंथरूण जसेच्या तसे हाती येई. मात्र वळकटीचा एक नियम होता. तिच्यावर घटकाभर टेकता येई. पण निजावयाचे झाल्यास ती सोडावीच लागे.

मुलांनो, आजच्या संगणकातही अशी एक वळकटी असते. तिला झिप फाईल असे म्हणतात. शाळेने पाठविलेला सुटीचा अभ्यास, मामाच्या घरच्या लग्नाची छायाचित्रे, एखाद्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतलेली पुस्तके पुष्कळदा याच रूपाने आपल्या घरी येतात. पन्नास फायली पन्नास वेळा पाठविण्याऐवजी त्या एकत्र बांधून आणि आवळून एकदाच पाठविणे सोयीचे असते. ही वळकटी कशी आवळली जाते, ती आवळण्याची युक्ती कोणी शोधून काढली आणि ती नीट कशी सोडावी, या तीन गोष्टींचा विचार या पाठात करावयाचा आहे.

थोडक्यात सांगण्याची कला

थोड्या जागेत पुष्कळ सांगण्याची कला संगणकाहून फार जुनी आहे. आरतीच्या पुस्तकात पाहा. प्रत्येक कडव्यानंतर ध्रुवपद म्हणावयाचे असते. पण ते प्रत्येक वेळी पूर्ण छापलेले नसते. पहिल्यांदा ते सबंध दिलेले असते आणि पुढे केवळ ‘॥ धृ ॥’ एवढीच खूण असते. म्हणणारा ती खूण पाहतो आणि मागील ओळी जशाच्या तशा म्हणतो. छापणाऱ्याचा कागद वाचतो. गाणाऱ्याचा एक शब्दही कमी होत नाही.

दुसरे उदाहरण तारेचे. आपल्या देशात जुलै २०१३ पर्यंत तारसेवा चालू होती. तारेचे पैसे शब्दांच्या संख्येवर आकारले जात. म्हणून सणासुदीच्या आणि विवाहाच्या शुभेच्छांसाठी तारखात्याने काही ठराविक वाक्ये योजून त्यांना क्रमांक दिले होते. पाठविणाऱ्याने केवळ क्रमांक निवडावयाचा. तारेवरून क्रमांकच जाई. दुसऱ्या टोकाचा कर्मचारी आपल्याजवळील यादी पाहून त्या क्रमांकाचे पूर्ण वाक्य कागदावर उतरवून देई. दोन्ही टोकांना एकच यादी असली की एका अंकातही एक सबंध वाक्य प्रवास करू शकते.

तारेच्या लिपीतही हीच काटकसर आढळते. १८४४ साली अमेरिकेत वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर या शहरांमध्ये मोर्सच्या तारयंत्राने संदेश गेला. मोर्सच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या लिपीत इंग्रजीत सर्वांत अधिक येणारे ‘ई’ हे अक्षर एकाच टिंबाने दाखवितात. क्वचित येणाऱ्या ‘क्यू’ला मात्र टिंबे व रेघा मिळून चार खुणा लागतात. जे वारंवार येते ते आखूड लिहावे आणि जे विरळा येते ते लांब लिहिले तरी चालेल, हे या लिपीचे सूत्र होय.

एका विद्यार्थ्याचा शोध

संगणकाला दोनच अंक ठाऊक असतात. शून्य आणि एक. आपण लिहिलेले प्रत्येक अक्षर तो या दोन अंकांच्या ओळीने साठवितो. मग कोणत्या अक्षराला किती अंक द्यावेत म्हणजे सारा मजकूर कमीत कमी अंकांत बसेल? १९४८ साली क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने संदेशांचे शास्त्र मांडले, तेव्हापासून हा प्रश्न विद्वानांपुढे होता.

१९५१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत डेव्हिड हफमन नावाचा विद्यार्थी शिकत होता. त्याचे प्राध्यापक रॉबर्ट फॅनो यांनी वर्गाला सांगितले, की ज्यांना अंतिम परीक्षा द्यावयाची नसेल त्यांनी एक निबंध लिहावा. निबंधाचा विषय हाच प्रश्न होता. तो सोडविण्याचा प्रयत्न स्वतः फॅनो आणि शॅनन यांनीही केला होता व त्यांना पूर्ण यश आले नव्हते, ही गोष्ट मात्र प्राध्यापकांनी सांगितली नाही! हफमनने कित्येक महिने खटपट केली. अखेर सारी टिपणे टाकून द्यावीत आणि परीक्षेच्या अभ्यासाला लागावे, अशा विचारात तो असतानाच त्याला युक्ती सुचली. इतरांनी प्रश्न वरून खाली सोडविण्याचा यत्न केला होता. हफमनने तो खालून वर नेला. सर्वांत विरळ येणारी दोन अक्षरे आधी एकत्र बांधावयाची, मग त्या जोडीला एकच अक्षर समजून पुन्हा तीच क्रिया करावयाची. त्याचा निबंध १९५२ साली प्रसिद्ध झाला.

ही युक्ती एका लहानशा उदाहरणाने समजून घेऊ. समजा, शंभर अक्षरांचा एक मजकूर आहे. त्यात ‘क’ ५० वेळा, ‘म’ २५ वेळा, ‘ल’ १५ वेळा आणि ‘र’ १० वेळा येतो. चारही अक्षरांना सारखीच लांबी द्यावयाची तर प्रत्येकास दोन अंक लागतील, म्हणजे एकूण २०० अंक होतील. हफमनच्या रीतीने मात्र ‘क’ला ०, ‘म’ला १०, ‘ल’ला ११० आणि ‘र’ला १११ अशा खुणा मिळतात. आता बेरीज करा. ‘क’चे ५०, ‘म’चे ५०, ‘ल’चे ४५ आणि ‘र’चे ३० मिळून १७५ अंक झाले. पंचवीस अंक वाचले, आणि अक्षर एकही गळले नाही.

येथे तुम्ही विचाराल, की खुणांमध्ये जागा सोडलेली नसताना एक अक्षर कोठे संपले हे कळावयाचे कसे? वरील खुणा पुन्हा पाहा. कोणतीही खूण दुसऱ्या खुणेचा आरंभ होऊ शकत नाही. ०१०११० ही ओळ डावीकडून वाचीत जा. ० म्हणजे ‘क’. मग १० म्हणजे ‘म’. मग ११० म्हणजे ‘ल’. शब्द झाला ‘कमल’. दुसरा कोणताही अर्थ निघणे शक्य नाही.

मागे वळून पाहण्याची युक्ती

१९७७ साली इस्राएल देशातील हैफा येथील टेक्निऑन संस्थेचे जेकब झिव्ह आणि अब्राहम लेंपेल या दोन विद्वानांनी दुसरी युक्ती प्रसिद्ध केली. तिचे तत्त्व आपल्या आरतीच्या ‘॥ धृ ॥’ सारखेच आहे. मजकूर वाचता वाचता जो भाग पूर्वी येऊन गेलेला असेल तो पुन्हा लिहावयाचा नाही. ‘इतके मागे जा आणि तेथून इतका मजकूर उतरून घे’ एवढीच खूण तेथे करावयाची.

अमेरिकेतील फिल कॅट्झ याने १९८९ साली झिप या प्रकारच्या फायली प्रचारात आणल्या. त्याने या फायलींची रचना सर्वांस खुली केली. त्यामुळे कोणालाही झिप फाईल बांधणारा व सोडणारा प्रोग्रॅम लिहिता येऊ लागला. या फायलींत पुढे रूढ झालेल्या रीतीत वरील दोन युक्त्यांचा मिलाफ आहे. तिच्यात संगणक मागील ३२,७६८ बाइटांपर्यंत वळून पाहतो आणि एका वेळी ३ ते २५८ बाइट उतरून घेतो. बाइट म्हणजे शून्य-एकाच्या आठ अंकांचा गट. सर्वसाधारण झिप फाईलचा आरंभ इंग्रजी ‘पी’ आणि ‘के’ या दोन अक्षरांनी होतो. ती फिल कॅट्झच्या नावाची आद्याक्षरे होत.

आपल्या मराठी मजकुराला ही युक्ती विशेष मानवते. आज सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांनी साठविले जाते. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे असल्याने त्यास पंधरा बाइट लागतात. पण त्या तिन्हींतील पहिला बाइट नेहमी एकच असतो आणि दुसरा केवळ दोन प्रकारचा असतो. एवढी पुनरुक्ती असल्यावर आवळण्यास वाव मिळणारच!

तरीही प्रत्येक वस्तू आवळता येत नाही. तीन अंकी खुणा एकूण आठ होतात. त्यांहून आखूड, म्हणजे एक किंवा दोन अंकी, खुणा मिळून सहाच होतात. आठ माणसांना सहा खोल्यांत प्रत्येकी एक खोली कशी द्यावी? म्हणून काही फायली आवळल्या तर काही तशाच राहणार, हे गणिताचेच सांगणे आहे. छायाचित्रांच्या जेपेग फायली किंवा चलच्चित्रांच्या फायली आधीच आवळलेल्या असतात. त्यांची झिप केली तरी आकार फारसा घटत नाही. तेथे झिपचा उपयोग अनेक फायली एकत्र बांधण्यापुरता उरतो.

वळकटी सोडण्याची रीत

आता मुख्य कामाकडे वळू. घरच्या संगणकावर विंडोज असेल तर आलेली फाईल बहुधा ‘डाउनलोड्स’ या फोल्डरमध्ये असते. तिचे चित्र फोल्डरसारखेच दिसते, पण त्यावर दप्तराला असते तशी चेन काढलेली असते. त्या चित्रावर माउसची उजवी कळ दाबावी. जी यादी उघडते तीतून ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ हे शब्द निवडावेत. मग संगणक विचारतो, की सोडलेल्या फायली कोठे ठेवावयाच्या? ‘ब्राउझ’ हे बटण दाबून आपल्या सोयीचा फोल्डर दाखवावा आणि ‘एक्स्ट्रॅक्ट’ हे बटण दाबावे. क्षणभरात नवा फोल्डर तयार होतो व त्यात साऱ्या फायली मोकळ्या झालेल्या असतात. ॲपलच्या मॅक संगणकावर झिप फाईलवर लागोपाठ दोनदा क्लिक केले की तिच्याशेजारीच मोकळा फोल्डर तयार होतो. लिनक्सच्या बहुतेक संगणकांवर उजवी कळ दाबल्यावर यादीतच सोडण्याची सोय सापडते.

आता एक धोका नीट ध्यानात घ्यावा. विंडोजमध्ये झिप फाईलवर दोनदा क्लिक केले की आतील फायलींची नावे दिसू लागतात, आणि पाहणाऱ्याला वाटते, की वळकटी सुटली. ती सुटलेली नसते. आपण केवळ आत डोकावून पाहत असतो. समजा, एका मुलीच्या आत्याने गावातील वृद्ध स्त्रियांकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या टिपून झिप फाईलमधून पाठविल्या. मुलीने फाईल न सोडता आतील टिपणच उघडले आणि आजीजवळ बसून, आजीने सांगितलेल्या आणखी वीस ओव्या संध्याकाळभर त्यात लिहिल्या. परंतु ती लिहीत होती ती संगणकाने तात्पुरती काढलेली एक प्रत. तीत लिहिलेले पुष्कळदा झिप फाईलमध्ये परत जात नाही. दुसऱ्या दिवशी तिने झिप फाईल पुन्हा उघडली तर आत जुनेच टिपण! आजीला त्यांतील किती ओव्या पुन्हा आठवतील? म्हणून आधी सोडावे, मग उघडावे, आणि नंतरच लिहावे. हा क्रम कधीही मोडू नये.

याच कारणाने एखादे चित्रमय पान झिप फाईलच्या आतूनच उघडले तर त्यातील चित्रे दिसत नाहीत. संगणकाने ते एक पानच बाहेर काढलेले असते. शेजारच्या फायलीतील चित्रे आतच राहिलेली असतात.

सुटत नसेल तर

कधी कधी फाईल सुटत नाही. त्याची कारणे शोधून पाहावीत. पहिले कारण असे, की फाईल अर्धवटच उतरलेली असते. झिप फाईलच्या अखेरीस आतील साऱ्या वस्तूंची यादी असते. शेवटचा तुकडाच पोहोचला नसेल तर संगणकास यादी सापडत नाही आणि तो फाईल उघडण्यास नकार देतो. अशा वेळी ती पुन्हा उतरवून घ्यावी.

दुसरे कारण मजकुरात वाटेत झालेली चूक. जुन्या पोथ्यांत अध्यायाच्या अखेरीस ओव्यांची संख्या नोंदविलेली आढळते. नक्कल करणाऱ्याने ओव्या मोजाव्यात; संख्या जुळली नाही तर काही गळाले असे समजावे. झिप फाईलमध्येही प्रत्येक वस्तूसोबत गणिताने काढलेला एक पडताळ्याचा अंक असतो. सोडताना संगणक तो पुन्हा काढतो, आणि दोन अंक जुळले नाहीत तर चूक झाल्याचे सांगतो. ही सूचना कंटाळून दूर सारू नये.

तिसरे कारण, वळकटी निराळ्या जातीची असते. युजीन रोशाल याने १९९३ साली काढलेल्या प्रकाराला रार म्हणतात. इगोर पाव्हलॉव्ह याने १९९९ साली आणलेला सेव्हन-झिप हा प्रोग्रॅम विनामूल्य मिळतो आणि तो यांपैकी बहुतेक प्रकार सोडू शकतो. विंडोजच्या अकराव्या आवृत्तीत २०२३ पासून रार व आणखी काही प्रकार सोडण्याची सोय आली. मात्र फाईलच्या नावातील ‘रार’ पुसून ‘झिप’ लिहिल्याने तिची जात बदलत नाही. डब्यावरची चिठ्ठी बदलल्याने आतील साखरेचे मीठ होत नाही!

चौथे कारण कुलूप. काही फायलींना परवलीचा शब्द असतो. तो पाठविणाऱ्यालाच विचारावा.

अनोळखी गाठोडे

स्थानकावर बेवारशी पडलेल्या गाठोड्याला हात लावू नये, हे आपण सारे जाणतो. संगणकावरही तेच शहाणपण हवे. अनोळखी माणसाकडून आलेली झिप फाईल सोडू नये. ओळखीच्या नावाने आली, पण तिची अपेक्षा नव्हती, तर आधी त्या व्यक्तीला विचारावे. आतील फाईलच्या नावाच्या शेवटी ‘ईएक्सई’ अशी अक्षरे असतील तर ते पत्र किंवा चित्र नसून संगणकाला कामास लावणारा प्रोग्रॅम असतो. तो उघडण्यापूर्वी घरातील वडील माणसांना दाखवावा. ‘४२ झिप’ नावाची एक कुप्रसिद्ध फाईल अवघी ४२ किलोबाइटांची आहे. पण तिच्या आत फायलींचे थरावर थर असून ते सारे सोडले तर सुमारे ४५ लाख गिगाबाइट जागा लागेल. एवढी जागा कोणाच्याही घरच्या संगणकात नसते. लहान दिसणारे गाठोडे लहानच असेल असे नाही.

फाईल सुटल्यावर आतील सर्व वस्तू उघडून पाहाव्यात आणि त्या नीट असल्याची खात्री होईपर्यंत मूळ झिप फाईल पुसून टाकू नये. आपण स्वतः झिप पाठविताना तिला नेमके नाव द्यावे. ‘नवीन’ किंवा ‘फाईल १’ अशा नावाने घेणाऱ्यास काहीच बोध होत नाही.

‘अक्षर’ या शब्दाचा मूळ अर्थ नाश न पावणारे असा आहे. कोणी आत्या ओव्या गोळा करते, कोणी शिक्षक टिपणे तयार करतो, कोणी ग्रंथपाल जुनी पुस्तके जतन करतो. त्यांचे श्रम आवळलेल्या रूपाने आपल्या दारी येतात. हफमन, झिव्ह, लेंपेल यांच्या गणिताने त्यांतील एकही अक्षर वाटेत गळू दिलेले नसते. शेवटची गाठ सोडण्याचे काम आपले. ते घाई न करता, क्रमाने आणि सावधपणे करावे.

शब्दार्थ

वळकटी : गुंडाळून बांधलेले अंथरूण. ध्रुवपद : प्रत्येक कडव्यानंतर पुन्हा म्हणावयाची ओळ. पुनरुक्ती : तेच पुन्हा येणे. पडताळा : खरेखोटे तपासून पाहणे. परवलीचा शब्द : प्रवेशासाठी सांगावयाचा गुप्त शब्द. बेवारशी : ज्याला मालक नाही असे.

स्वाध्याय

१. वळकटी आणि झिप फाईल यांत कोणते साम्य लेखकाने दाखविले आहे?

२. आरतीतील ‘॥ धृ ॥’ ही खूण आणि झिव्ह व लेंपेल यांची युक्ती यांचा संबंध स्पष्ट करा.

३. पाठातील खुणा वापरून १००१११ या ओळीतील शब्द ओळखा. त्याच खुणांनी ‘कलम’ हा शब्द लिहा.

४. कारणे द्या : (अ) अर्धवट उतरलेली झिप फाईल उघडत नाही. (आ) छायाचित्रांची झिप केली तरी आकार फारसा घटत नाही. (इ) ओव्या लिहिणाऱ्या मुलीचे श्रम वाया गेले.

५. ‘आधी सोडावे, मग उघडावे, आणि नंतरच लिहावे’ हा क्रम न पाळल्यास काय होईल, ते आठ ओळींत लिहा.

६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : हमखास, काटकसर, मिलाफ, कुप्रसिद्ध.

७. करून पाहा : वर्डमध्ये चित्र घालून तयार केलेल्या एका ‘डॉकएक्स’ फाईलची नक्कल काढा. मूळ फाईलला हात लावू नका. नकलेच्या नावातील शेवटची ‘डॉकएक्स’ ही अक्षरे बदलून इंग्रजीत ‘झिप’ लिहा आणि ती सोडा. आत काय काय सापडले, त्याची यादी करून वर्गात सांगा. ही फाईल मुळात कोणत्या जातीची असली पाहिजे?